खोकला कोणी, कधी ऐकला?

पुण्यात पाहुणे आले की त्यांना आगाखान पॅलेस दाखवायला नेणे हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे. सिंहगड वयस्कर मंडळींना झेपत नाही, शनिवारवाड्यात दरवाजा आणि जोती पाहून माणसे लवकर कंटाळतात. नगर रस्त्यावरचा हा राजवाडा मात्र सगळ्यांना चालतो. मुले हिरवळीवर हुंदडतात, मोठी माणसे झाडाखाली टेकतात आणि शेवटी सगळे समाध्यांपाशी येऊन थांबतात. एक महादेवभाई देसाईंची, दुसरी कस्तुरबांची.

गेल्या खेपेस पाहुण्यांबरोबर सहावीतली एक मुलगी होती. तिने विचारले, "हे दोघे इथे राहायला आले होते का?" मी म्हटले, "नाही गं, सरकारने त्यांना इथे कैदेत ठेवले होते." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे ते तुरुंगात वारले?" मी हो म्हटले, आणि माझा मीच चपापलो. इतकी वर्षे मी इथे येतो आहे, पण हे दोन मृत्यू सरकारच्या ताब्यात असलेल्या माणसांचे मृत्यू होते, अशा शब्दांत मी कधी विचारच केला नव्हता.

९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झाली आणि सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टला, महादेवभाई हृदयविकाराने गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीला गेल्या. दोघांनाही कोणी मारहाण केली नव्हती. आजच्या सरकारी भाषेत बोलायचे तर दोन्ही 'नैसर्गिक मृत्यू'. पण कस्तुरबांच्या मृत्यूनंतर गांधीजी आणि सरकार यांच्यात वाद झाला. लंडनमध्ये पार्लमेंटात सांगण्यात आले की त्यांना शक्य ते सगळे उपचार मिळाले होते. गांधीजींनी हे विधान लेखी खोडून काढले. डॉ. दिनशा मेहतांना बोलावण्याची परवानगी मागितली ती कधी आणि मिळाली ती कधी, परिचारिका मागितली ती कधी आणि आली ती कधी, हा त्यांचा मुद्दा होता. वैद्य शिव शर्मा उपचारांसाठी आले, तर त्यांना रात्री आत राहू देईनात. रुग्णाला रात्री कधीही गरज लागेल म्हणून तो वैद्य फाटकाबाहेर स्वतःच्या मोटारीत झोपत असे.

वाद आजाराच्या नावाबद्दल नव्हता, हे लक्षात घ्या. आजार काय होता हे सर्वांना ठाऊक होते. वाद होता तो वेळेचा. मदत मागितली कधी आणि ती पोहोचली कधी?

हाच प्रश्न अलीकडे माझ्या कानांवर एका अगदी वेगळ्या ठिकाणी पडला, म्हणून हा लेख.

शिंपीमामांचा प्रश्न

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी बसतात. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. पँटची उंची कमी करणे, उशांचे अभ्रे, शाळेच्या गणवेशाची उसवलेली शिवण, असली कामे ते करतात. त्यांचा धाकटा भाऊ एका चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात होता. खटला सुरू व्हायचा होता. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळत नव्हता. शिंप्याच्या भावाला जामीन राहील असा, नावावर मालमत्ता असलेला माणूस आणायचा कुठून?

एके दिवशी पहाटे जवळच्या पोलीस चौकीतून मामांना निरोप आला, भाऊ गंभीर आहे, सरकारी रुग्णालयात या. ते पोहोचले तेव्हा भाऊ शवागारात होता. तीन-चार कागदांवर सह्या घेतल्या. शवविच्छेदनाच्या कागदावर मृत्यूच्या कारणापुढे लिहिले होते, 'मत राखून ठेवले आहे, व्हिसेरा तपासणीसाठी पाठवला आहे'. कितीतरी महिन्यांनी समजले की क्षयाने फुफ्फुसे गेली होती. चौकशीची नोटीस गावच्या जुन्या पत्त्यावर गेली. ती मामांच्या हातात पडली तेव्हा तारीख उलटून गेली होती.

हे सगळे सांगताना मामांनी कोणावर आरोप केला नाही. मशीन थांबवून एवढेच म्हणाले, "तीन आठवडे आधी मी मुलाकातीला गेलो होतो साहेब. जाळीपलीकडून तो बोलत होता आणि सारखा खोकत होता. खोकला मला दिसला. त्यांना कधी दिसला, तेवढं मला कळायला पाहिजे."

मी हे ऐकून घरी आलो आणि कायद्याची पुस्तके उघडली. माझी समजूत अशी होती की असल्या प्रश्नाचे उत्तर कुठे लिहून ठेवायची पद्धतच आपल्याकडे नसावी. समजूत चुकीची निघाली.

कायदा काय विचारतो

इंग्रजांनी १८९४ मध्ये तुरुंगांचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर शंभर दुरुस्त्यांच्या गप्पा झाल्या, १९८० ते १९८३ या काळात न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने तुरुंगसुधारणांचा जाडजूड अहवाल दिला, तरी देशातले तुरुंग दीर्घकाळ चालले ते याच कायद्यावर. त्याचे पंधरावे कलम कैद्याच्या मृत्यूच्या नोंदीविषयी आहे. कैदी मेला की तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने वहीत काय काय लिहायचे, त्याची यादीच त्यात दिली आहे. आजारी असल्याचे त्याने प्रथम कधी सांगितले किंवा तसे प्रथम कधी दिसले. त्या दिवशी त्याला कोणते काम दिले होते. त्या दिवशी त्याचा आहार काय होता. डॉक्टरला आजाराची खबर प्रथम कधी मिळाली. रुग्णालयात कधी दाखल केले. आजार कोणता. मृत्यूपूर्वी डॉक्टरने किंवा त्याच्या हाताखालच्या माणसाने त्याला शेवटचे कधी पाहिले. मृत्यू कधी झाला. शवविच्छेदन झाले असेल तर काय आढळले.

ही यादी मी दोनदा वाचली. मामांचा प्रश्न त्यात पहिलाच आहे! परक्या राजवटीच्या, कैद्यांवर मुळीच माया नसलेल्या माणसांनी केलेल्या कायद्यालासुद्धा हे ठाऊक होते, की कैद्याच्या मृत्यूत आजाराचे नाव ही पुढची गोष्ट आहे, आधी तारखा हव्यात.

त्यानंतर आपण या नोंदीभोवती बरीच मोठी व्यवस्था उभी केली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग ऑक्टोबर १९९३ मध्ये स्थापन झाला आणि दोनच महिन्यांत, १४ डिसेंबर १९९३ रोजी, त्याने राज्यांना पत्र लिहिले की कोठडीतील मृत्यूची खबर चोवीस तासांत आयोगाला कळवा. खबर दिली नाही, तर प्रकरण दडपण्याचा प्रयत्न झाला असे आयोग गृहीत धरेल. पुढे हा नियम पोलीस कोठडीइतकाच तुरुंगालाही लागू असल्याचे स्पष्ट केले गेले. १९९५ मध्ये आयोगाने शवविच्छेदनाचे चित्रीकरण करण्यास सांगितले, १९९७ मध्ये शवविच्छेदन अहवालाचा नमुना तयार करून दिला आणि २००१ मध्ये सर्व अहवाल दोन महिन्यांत पाठवण्याची मुदत घातली.

पूर्वी अशा मृत्यूची चौकशी महसूल खात्यातला दंडाधिकारी, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार, करत असे. २००५ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली आणि ही चौकशी न्यायालयीन दंडाधिकाऱ्याकडे आली. ही दुरुस्ती २००६ च्या जूनमध्ये अमलात आली. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे. तिच्या कलम १९६ मध्ये ही तरतूद कायम आहे. मृतदेह चोवीस तासांत तपासणीसाठी पाठवावा, शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवावे आणि त्यांना चौकशीच्या वेळी हजर राहू द्यावे, असे ती सांगते. ताब्यात असताना माणूस मेला की चौकशी, एवढेच कायदा म्हणतो. मृत्यू नैसर्गिक की अनैसर्गिक, असा फरक तो करत नाही.

मग अडते कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. एक, 'नैसर्गिक' या शब्दापाशी. दुसरे, तुरुंगाच्या फाटकापाशी. नोंद आत होते, चौकशीचे कागद वर जातात. मेलेल्या माणसाच्या घराकडे येणारी वाट मात्र कुठेच नाही.

'नैसर्गिक' म्हणजे काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशातील तुरुंगांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. २०२२ या वर्षात देशातील तुरुंगांत १,९९५ कैदी मरण पावले. त्यांपैकी १,७७३ मृत्यू 'नैसर्गिक' या रकान्यात आहेत. १५९ अनैसर्गिक, आणि त्यांतल्या ११९ आत्महत्या. उरलेल्यांचे कारण अजून ठरायचे होते. वाचणाऱ्याची नजर साहजिकच त्या १५९ वर जाते. आत्महत्या, खून, मारामारी हे शब्द डोळ्यांत भरतात. १,७७३ चा आकडा 'आजारपण, म्हातारपण, चालायचेच' म्हणून मागे राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र या रकान्यावरच बोट ठेवले. माजी सरन्यायाधीश लाहोटी यांनी २०१३ मध्ये देशातील १,३८२ तुरुंगांच्या अवस्थेविषयी न्यायालयाला पत्र लिहिले होते. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रकरणात न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांनी १५ सप्टेंबर २०१७ रोजी निकाल दिला. २०१२ ते २०१५ या काळात अनैसर्गिक मृत्यू आलेल्या कैद्यांच्या वारसांना शोधून भरपाई देण्यासाठी उच्च न्यायालयांनी स्वतःहून याचिका नोंदवाव्यात, असे त्यात म्हटले होते. त्याच निकालात न्यायालयाने एक साधी शंका विचारली. वेळेवर किंवा योग्य उपचार न मिळाल्यामुळे कैदी मेला, तर तो मृत्यू कोणत्या रकान्यात घालायचा?

मामांच्या भावाचेच पाहा. क्षय हा जंतूंमुळे होतो, म्हणून मृत्यू नैसर्गिक. पण क्षयावर औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि वेळेवर सुरू केले तर बहुतेक माणसे बरी होतात. घरी असता तर तो स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेला असता, किंवा आईने त्याला ओढून नेला असता. तुरुंगात त्याला स्वतःचे पाय नाहीत. खोकतो आहे हे कोणी तरी ऐकायला हवे, कोणी तरी लिहून घ्यायला हवे, कोणी तरी रुग्णालयात न्यायला हवे. यातली एक कडी तुटली, तर मृत्यू आजाराने झाला हे खरे, पण अर्धेच खरे.

हा निव्वळ शब्दांचा काथ्याकूट नाही. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये कैद्यांच्या मृत्यूबद्दल भरपाईचे धोरण मंजूर केले. काम करताना अपघात, वैद्यकीय अधिकाऱ्याचा निष्काळजीपणा, कर्मचाऱ्यांची मारहाण किंवा कैद्यांची आपसातली मारामारी यांमुळे मृत्यू झाला तर वारसांना पाच लाख रुपये. आत्महत्या असेल तर एक लाख. वार्धक्याने किंवा दीर्घ आजाराने नैसर्गिक मृत्यू आला तर भरपाई नाही. धोरण स्वागतार्हच आहे, निष्काळजीपणाचा उल्लेख त्यात आहे हे तर फारच चांगले. पण 'दीर्घ आजार' आणि 'निष्काळजीपणा' यांच्यामधली रेघ ओढायची कोणी? भरपाईचा प्रस्ताव तयार होणार तो तुरुंगाच्या अधीक्षकाच्याच कचेरीत. परीक्षार्थ्यानेच स्वतःची उत्तरपत्रिका तपासावी तसे हे झाले. अधीक्षक प्रामाणिक असला तरी ही पद्धत त्याच्यावर आणि वारसांवर, दोघांवरही अन्याय करणारी आहे.

बाहेरचे डोळे

आपल्या राज्यातल्या दोन घटना वाचकांना आठवत असतील. २३ जून २०१७ रोजी भायखळ्याच्या महिला तुरुंगातील एका शिक्षा भोगणाऱ्या स्त्रीचा मृत्यू झाला. ती तिथे वॉर्डर म्हणूनही काम करत होती. पहिली नोंद झाली ती अकस्मात मृत्यूची. पण आतल्या बायका गप्प बसल्या नाहीत. त्यांनी एवढा गदारोळ केला की तो रस्त्यावर ऐकू आला. दोनशेहून अधिक जणींवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला. अंडी-पावाचा हिशेब लागत नव्हता म्हणून तिला मारहाण झाली, अशी फिर्याद एका सहकैदी स्त्रीने दिली. खुनाचा गुन्हा नोंदला गेला आणि तुरुंगाच्या सहा कर्मचारी स्त्रियांना अटक झाली. दोषी कोण हे न्यायालयाने ठरवायचे. माझा मुद्दा एवढाच, की कागदावरचा पहिला शब्द बदलला तो कोणत्याही नियमित तपासणीमुळे नव्हे. बायका ओरडल्या म्हणून बदलला.

दुसरी घटना फादर स्टॅन स्वामी यांची. चौऱ्याऐंशी वर्षांचे, कंपवाताने हात थरथरणारे हे धर्मगुरू ऑक्टोबर २०२० पासून तळोजा तुरुंगात होते. पेला हातात धरता येत नाही म्हणून नळी असलेला पेला मिळावा, असा अर्ज त्यांना न्यायालयात करावा लागला. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्यांना वांद्र्याच्या रुग्णालयात हलवले. ५ जुलै २०२१ रोजी जामीन अर्जाची सुनावणी सुरू असताना न्यायमूर्तींना सांगण्यात आले की अर्जदार आता हयात नाही. त्यांच्यावरचे आरोप कोणाला पटोत वा न पटोत, खटला सुरूही झालेला नव्हता. त्यांच्यामागे नामवंत वकील होते, वर्तमानपत्रे होती, परदेशांतून पत्रे येत होती. तरीही एक पेला मिळायला अर्जफाटे लागले. मग ज्याच्यामागे फक्त एक शिलाई मशीन आहे, त्याचे काय?

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, नागपूरच्या तुरुंगातला गडचिरोलीचा एक तरुण आजारपणात दगावला. प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्या खटल्यात तो सहआरोपी होता आणि जन्मठेप भोगत होता. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या खटल्यातल्या सगळ्यांना निर्दोष ठरवले, त्यालाही. निकाल ऐकायला तो नव्हता.

कोणी म्हणेल, तुरुंगातल्या माणसांचा एवढा कळवळा कशाला? गुन्हा केला नसता तर आत गेले असते का? हा प्रश्न आमच्या घरातही जेवताना निघाला. त्याला उत्तर आकड्यांतच आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे पावणेसहा लाख माणसे होती आणि त्यांतले शंभरातले शहात्तर कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. आणि ज्यांचा सिद्ध झाला, त्यांना न्यायालयाने शिक्षा दिली ती कैदेची. सोबत क्षयाची शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते.

तुरुंगवाल्यांची बाजू

तुरुंगात काम करणाऱ्यांना एकतर्फी झोडपण्यात अर्थ नाही. १०० माणसांच्या जागेत १३१ माणसे, ही २०२२ ची देशाची सरासरी. मोठ्या शहरांत याहून किती तरी वाईट अवस्था असते. आदर्श तुरुंग नियमावली ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर असावा म्हणते. २०२५ च्या इंडिया जस्टिस रिपोर्टनुसार प्रत्यक्षात ७७५ कैद्यांमागे एक आहे. डॉक्टरने चिठ्ठी लिहिली तरी कैद्याला बाहेरच्या रुग्णालयात न्यायला पोलीस गार्ड लागतो. गार्ड निवडणुकीच्या, सणाच्या, मंत्र्याच्या बंदोबस्ताला गेलेला असतो. मग रुग्णालयाची तारीख चुकते, पुढची मिळते ती महिन्याने. अनेक कैदी आत येतानाच व्यसनांनी आणि उपासमारीने पोखरलेले असतात.

हे सगळे खरे आहे. म्हणूनच तर प्रत्येक मृत्यूचा नीट आढावा हवा. डॉक्टरने चिठ्ठी लिहिली होती, पण गार्ड तीन वेळा मिळाला नाही, हे जर उघडपणे लिहिले गेले, तर दोष डॉक्टरच्या माथी बसणार नाही. गार्ड न देणाऱ्याला उत्तर द्यावे लागेल. झाकलेल्या कागदाने अपराधी वाचतो तसा निरपराधही संशयात राहतो.

गेलेले आणि नवे

मुंबईत एके काळी कोरोनर नावाचा अधिकारी असे. जुन्या मुंबईकरांना 'कोरोनर कोर्ट' हे शब्द आठवतील. १८७१ च्या कायद्याप्रमाणे शहरातल्या तुरुंगात कैदी मेला, तर दफनापूर्वी कोरोनरला बोलावणे अधीक्षकावर बंधनकारक होते. न बोलावल्यास त्याला दंड होता. फक्त पटकीसारख्या साथीने आलेला मृत्यू यातून वगळला होता. कोरोनरपुढे शहरातल्या सामान्य माणसांची ज्युरी बसे, साक्षी होत. म्हणजे कैद्याच्या मृत्यूचे कारण, निदान कायद्याने, तुरुंगाच्या भिंतीबाहेरच्या चार माणसांसमोर ठरत असे. १९९९ मध्ये मुंबईचे हे पद रद्द झाले. संथ, खर्चिक, कालबाह्य अशी त्याची ख्याती झाली होती. पण त्याबरोबर बाहेरच्या चार माणसांची ती कल्पनाही आपण मोडीत काढली.

ज्यांच्याकडून हे पद आपल्याकडे आले, त्या इंग्लंडने ते टाकले नाही. तिथे तुरुंगातल्या प्रत्येक मृत्यूवर कोरोनरची चौकशी होतेच. शिवाय २००४ पासून तुरुंग खात्याबाहेरचा एक लोकपाल प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी करतो. आजाराने आलेल्या मृत्यूचीही. तुरुंगाशी संबंध नसलेला वैद्यकीय जाणकार एकच गोष्ट पडताळतो. हा माणूस बाहेर असता तर त्याला जसे उपचार मिळाले असते, तसे आत मिळाले का? लोकपाल कुटुंबाला भेटून त्यांचे प्रश्न विचारून घेतो आणि शेवटी अहवाल सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध होतो. त्यामुळे तिकडे तुरुंगात माणसे मरायची थांबली, असे मुळीच नाही. पण मेलेल्याच्या भावाला खोकला कोणी कधी ऐकला हे विचारत फिरावे लागत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१५ मध्ये संमत केलेले 'मंडेला नियम' हेच सांगतात. ताब्यातला मृत्यू तुरुंग प्रशासनापासून स्वतंत्र असलेल्या अधिकाऱ्याला तत्काळ कळवा, मग तुमची अंतर्गत चौकशी चालू असो वा नसो.

आपल्याला लंडनहून काही आणायची गरज नाही. कायदे आहेत, वह्या आहेत, दंडाधिकारी आहेत. केंद्राने २०२३ मध्ये तुरुंगांसाठी नवा आदर्श कायदा राज्यांकडे पाठवला आहे. १८९४ चा कायदा मोडीत निघण्याच्या या काळात तीन-चार साध्या गोष्टी करता येतील.

कैद्याच्या मृत्यूची ती तारखांची नोंद, म्हणजे आजार प्रथम कधी कळला, डॉक्टरने कधी पाहिले, रुग्णालयात कधी नेले, ही आठवड्याच्या आत कुटुंबाला मराठीत, सहीशिक्क्यानिशी, न मागता द्यावी. चौकशीची नोटीस गावच्या पत्त्यावर पाठवून हात झटकू नयेत. मुलाकातीच्या वहीत नातेवाइकांचे नाव आणि फोन नंबर असतोच, तिथे कळवावे. 'नैसर्गिक' ठरलेल्या प्रत्येक मृत्यूचे कागद तुरुंग खात्याबाहेरच्या दोन डॉक्टरांनी तपासावेत आणि उपचारांना उशीर झाला का, एवढ्याच प्रश्नाचे स्पष्ट उत्तर लिहावे. आणि दंडाधिकाऱ्याचा अहवाल ठरल्या मुदतीत पूर्ण करून जिल्हा न्यायालयात कोणालाही वाचायला उपलब्ध ठेवावा. मानवाधिकार आयोग भरपाईची शिफारस करतो, सक्ती करू शकत नाही. उघड अहवालाची लाज मात्र शिफारशीहून पुष्कळदा जास्त काम करते.

यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही. पहिल्या दोहोंना तर एक झेरॉक्स आणि एक फोन पुरतो.

गेल्या आठवड्यात मी मामांना एक अर्ज लिहून दिला. माहितीच्या अधिकारात, भावाच्या वैद्यकीय नोंदींची प्रत मागणारा. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि घडी घालून मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळांशेजारी ठेवला. "पैसे नकोत मला," ते म्हणाले. "तारीख पाहिजे. आई विचारते." मग पायटा चालू झाला.

आगाखान पॅलेसच्या फाटकाबाहेर त्या फेब्रुवारीत एक वैद्य मोटारीत झोपत होता, ही गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे. कारण आत गांधीजी होते, आणि त्यांनी ती लिहून ठेवली. मामांच्या भावाच्या बराकीत रात्री खोकल्याचा आवाज कोणी ऐकला आणि त्याने पुढे काय केले, हेही कुठल्या तरी वहीत लिहिलेले असायला हवे. लिहिले असेल, तर ती वही त्याच्या आईपुढे उघडा. लिहिले नसेल, तर तेही तिला सांगा.